सोलापूरहून रत्नागिरीत नर्सिंग शिकायला येताना कोणती तयारी करावी?

तुम्ही विचारले आहे की, सोलापूरहून रत्नागिरीत बी.एससी. नर्सिंगसाठी येत असताना खोली, पाऊस, जेवण आणि बोलीभाषा यांचे कसे जमवावे. मी लातूरहून याच अभ्यासक्रमासाठी इथे आले, चार वर्षे शिकले आणि आता इथेच काम करते. त्यामुळे तुमच्या प्रश्नातली धाकधूक मला चांगलीच ठाऊक आहे.

पहिल्या वर्षी वसतिगृह मिळत असेल तर तेच घ्या. बाहेर खोली घ्यायची झाल्यास एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रवेशाच्या फेऱ्या संपून तुम्ही इथे याल तेव्हा पाऊस ओसरत आलेला असेल, चिऱ्याची घरे धुतल्यासारखी दिसत असतील आणि कोणतीही खोली पाहताक्षणी आवडेल. ती खोली ऑक्टोबरच्या उन्हासाठी नव्हे, तर पुढच्या जूनसाठी पाहायची असते. वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त, म्हणजे सोलापूरच्या चौपटीहून अधिक पाऊस इथे पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यांत ओलीचे पिवळे डाग आहेत का, नुकताच रंग काढला असेल तर तो कशासाठी काढला, पश्चिमेच्या खिडकीवर पागोळ्या थेट येतात का, आणि मुख्य म्हणजे पावसाळ्यात कपडे कुठे वाळत घालतात, हे घरमालकिणीला स्पष्ट विचारा. आत दोरी बांधायला पडवी असलेले साधे घर समुद्र दिसणाऱ्या खोलीपेक्षा कितीतरी सोयीचे असते. गणवेशाचे तीन नव्हे, चार जोड शिवून घ्या. ओलसर राहिलेल्या पांढऱ्या कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते कितीही धुतले तरी जात नाहीत. मूळ प्रमाणपत्रांच्या छायाप्रती काढून ठेवा आणि मूळ कागद हवाबंद डब्यात राहू द्या.

हे शहर सपाट नाही. मारुती मंदिराचा भाग सड्यावर, म्हणजे उंचावरच्या खडकाळ पठारावर आहे आणि मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा ही वस्ती खाली समुद्राकडे उतरते. नकाशावर जवळ वाटणारे अंतर रात्रपाळी संपवून, छत्री सांभाळत चढून जाताना मुळीच जवळ वाटत नाही. म्हणून भाडे थोडे अधिक पडले तरी रुग्णालयापर्यंतचा रस्ता दिव्यांचा आणि वर्दळीचा असेल अशीच जागा निवडा. अंधारात चालताना पायांत बंद बूट आणि हातात बॅटरी हवी. रत्नागिरीचा मुलूख फुरशांसाठी फार पूर्वीपासून ओळखला जातो आणि हा साप लहान असल्याने दगडगोट्यांत व पाल्यापाचोळ्यात पटकन दिसत नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगते. खानावळीत भात आणि मासे मुख्य असतात, भाकरी मिळाली तर तांदळाची. ज्वारीचे पीठ घरून आणावे लागेल. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी मासळी महागते आणि सुकटीवर भर येतो. पावसाळ्याआधी इथली माणसे आगोटीची खरेदी करून वर्षाचे जिन्नस भरून ठेवतात. तुम्हीही मे महिन्यातच साबण, मेणबत्त्या, कोरडा खाऊ आणि नेहमीची औषधे आणून ठेवा.

आरोग्याच्या बाबतीत मात्र अजिबात चालढकल करू नका. हेपटायटिस बी लसीच्या तीन मात्रा साधारणपणे आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी घेतात. म्हणजे सोलापुरातच सुरुवात केलीत तर वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वी निदान दोन मात्रा पूर्ण होऊ शकतात. तिसरी मात्रा इथे घेता यावी म्हणून नोंदीचे कार्ड सोबत आणा. दुसरी गोष्ट लेप्टोस्पायरोसिसची. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून हा आजार होतो, आणि भातलावणीपासून पुढे पावसाळाभर इथल्या वॉर्डांत त्याचे रुग्ण येत राहतात. साचलेल्या पाण्यातून चालत गेल्यानंतर काही दिवसांनी ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर तापाची गोळी घेऊन खोलीत पडून राहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि पाण्यातून गेल्याचे स्वतःहून सांगा.

विंचूदंशाचा रुग्णही तुम्हाला इथे भेटेल. घामाने भिजलेला आणि हातपाय गार पडलेला असा रुग्ण पहिल्यांदा पाहाल तेव्हा एक इतिहास आठवा. याच कोकणात, रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडी आणि महाड इथे काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे दाखवून दिले. त्यांच्या कामाची सुरुवात रुग्णाच्या खाटेशेजारी बसून नाडी आणि रक्तदाब नोंदवत राहण्याने झाली. आपल्यालाही नेमके तेच काम दिले जाते, आणि ते किरकोळ नाही.

भाषेची भीती बाळगू नका, पण कान उघडे ठेवा. शहरात प्रमाण मराठी सर्वत्र चालते. मात्र वॉर्डात खेड्यापाड्यांतल्या आजीबाई, राजिवड्याकडचे कोकणी मुसलमान, आंब्याच्या बागांत राखण करणारे नेपाळी कामगार आणि दक्षिणेकडून येणारे मालवणी बोलणारे रुग्ण शेजारी शेजारी असतात. ‘माका बरा वाटणा नाय’ (मला बरे वाटत नाही) हे वाक्य मला पहिल्या महिन्यात दोनदा विचारून घ्यावे लागले होते. कोणी ‘बाय’ म्हणून हाक मारली तर ती मायेची हाक समजा.

शब्दांपेक्षा श्रद्धा समजायला मला अधिक वेळ लागला. पहिल्याच वर्षी चादर बदलताना एका आजींच्या उशीखालची कागदाची पुडी मी कचरा समजून टाकून दिली. गावच्या देवाला गाऱ्हाणे घालून, दोन गाड्या बदलून त्यांच्या मुलाने तो अंगारा आणला होता. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुपारची गोळी त्यांनी माझ्या हातून घेतली नाही. वरिष्ठ सिस्टरांनी मला त्यांच्याजवळ बसवून माफी मागायला लावली आणि नंतर एवढेच सांगितले की, उशीखालची वस्तू विचारल्याशिवाय उचलायची नाही. संध्याकाळी आजींनी गोळी घेतली आणि घरी कोण कोण आहे याची चौकशी केली. रत्नागिरीत मला माझ्या घरच्या माणसांबद्दल विचारणारी ती पहिली व्यक्ती होती.

घरची आठवण पहिल्या दोन महिन्यांत फार येईल, विशेषतः वॉर्डात पहिला मृत्यू पाहाल त्या रात्री. तेव्हा एकटीने खोलीत बसू नका, सोबतच्या मुलीला उठवा. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर किंवा भाट्याच्या पुलाकडे जा. वाचनाची आवड असेल तर 1828 मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा नगर वाचनालयाचे सभासदत्व घ्या. मला परीक्षेच्या दिवसांत त्या जागेने फार आधार दिला.

प्रवासाचे म्हणाल तर सोलापूरहून कोल्हापूरमार्गे आंबा घाट उतरून एस.टी.ने येणे सरळ पडते. पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत तो बंदच झाला होता. त्यामुळे सुट्टी संपण्याच्या आदल्या दिवसाऐवजी दोन दिवस आधी निघा आणि घाट दिवसाउजेडी पार होईल अशी गाडी निवडा. पहिल्या वेळी आईवडील सोबत येणार असतील तर त्यांना निदान एक रात्र इथे राहू द्या. तुमची खोली आणि रुग्णालयाचा रस्ता त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तर नंतर फोनवर दोन्हीकडची काळजी पुष्कळ कमी होते.