कोलंबिया यान कोसळलं तेव्हा लोक इराक युद्धाबद्दल काय बोलत होते?

तुम्ही विचारलंय की २००३ च्या फेब्रुवारीत कोलंबिया यान तुटून सात अंतराळवीर गेले तेव्हा अमेरिका इराकवर हल्ला करायच्या बेतात होती, तर त्या दुःखाने लोक युद्धाच्या बाजूने एक झाले, की थोडे थबकले?

मी तेव्हा तिथेच होते. पूर्व टेक्सासमधल्या नॅकडोचिस गावात, स्टीफन एफ. ऑस्टिन विद्यापीठात मी जीआयएस, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं काम शिकत होते. यानाचे तुकडे आमच्या गावावर पडले. ज्यांच्या शेतात आणि अंगणात ते पडले, त्या लोकांचं बोलणं मी कानांनी ऐकलंय, तेच सांगते. माझ्या डोळ्यांसमोर तरी कोणी एक झालं नाही आणि कोणी थबकलंही नाही. लोक मनापासून रडले. पण युद्धाबद्दल ज्याचं जे मत शुक्रवारी होतं, तेच सोमवारीही होतं.

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी आठच्या सुमारास खिडकीची तावदानं थडथडायला लागली. आवाज ढगांच्या गडगडाटासारखा, पण गडगडाट विरतो, हा विरेना. माझी रूममेट पुण्याची. ती अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, "सुरू झालं की काय?" काय सुरू झालं, हे मला विचारावं लागलं नाही. मंगळवारीच अध्यक्ष बुश यांचं संसदेपुढचं भाषण झालं होतं, फोर्ट हूडच्या छावणीतल्या सैनिकांना निघायचे हुकूम आले होते, टीव्हीवर दिवसभर तेच. शेजारचे आजोबा झोपायच्या कपड्यांतच अंगणात उभे होते. त्यांना वाटलं गॅसची पाइपलाइन फुटली, आणि लगेच दुसरा विचार आला तो हल्ल्याचा.

पहिला तासभर सगळ्यांच्या मनात तोच शब्द होता. त्यात यानात इस्रायलचा पहिला अंतराळवीर इलान रामोन. १९८१ मध्ये बगदादजवळच्या ओसिराक अणुभट्टीवर ज्या इस्रायली विमानांनी बाँब टाकले, त्यांतल्या एका विमानाचा वैमानिक हाच. इराकवर चाल करायच्या तोंडावर हा माणूस आकाशात जळून जातो, म्हटल्यावर कोणाच्याही मनात शंका येणारच. मग अधिकाऱ्यांनी सांगितलं की यान जमिनीपासून ६० किलोमीटरहून जास्त उंचीवर होतं, आवाजाच्या १८ पट वेगाने येत होतं, तिथे दहशतवाद्यांकडचं कुठलंही क्षेपणास्त्र पोचत नाही. हे ऐकल्यावर आजोबा अंगणातल्या खुर्चीत बसले आणि तेव्हा कुठे त्यांना रडू आलं.

दुपारपर्यंत गावातल्या एका बँकेच्या पार्किंगमध्ये पडलेल्या तुकड्याभोवती पिवळी पट्टी लागली आणि पट्टीच्या कडेने फुलं. माणसं यायची, डोक्यावरची टोपी काढून उभी राहायची, न बोलता जायची.

आमच्या विभागातल्या मुलांना जीपीएस यंत्रं देऊन बाहेर पाठवलं. तुकड्याला हात लावायचा नाही, कारण त्यावर विषारी इंधनाचा अंश असू शकतो. जवळ उभं राहायचं, अक्षांश-रेखांश टिपायचे, फोटो काढायचा, पुढे जायचं. माणसाच्या शरीराचा भाग दिसला तर मागे सरकायचं आणि पोलिसांना बोलवायचं. ते कसं असायचं, हे मी इथे लिहिणार नाही.

रविवारी आम्ही एका शेतकऱ्याच्या कुरणात गेलो. त्याने मध्यावर एक बादली उपडी घालून ठेवली होती. गाई तुडवतील म्हणून रात्री दोनदा उठून बघून आलो, म्हणाला. त्याने बादली उचलली. खाली हाताच्या पंजाएवढी एक काळी फरशी, यानाच्या पोटाला उष्णतेपासून वाचवायला लावतात त्यातली. एक कोपरा तुटलेला, वर बारीक अक्षरांत क्रमांक. इतकी हलकी की तिच्याखालची गवताची पातीसुद्धा नीट वाकली नव्हती. मी नोंद करत होते तोवर तो टोपी छातीशी धरून उभा होता.

त्याची बायको कॉफी घेऊन आली. त्यांचा मुलगा सैन्यात, त्यालाही कुवेतला जायचा हुकूम आलेला. शेतकरी म्हणाला, सद्दामला आज आवरलं नाही तर उद्या फार महागात पडेल. बायको त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "या सातजणांना माहीत होतं आपण कशावर बसतोय आणि कशासाठी. माझ्या मुलाला कशासाठी जायचंय, ते मला कोणी नीट सांगितलेलं नाही." दोघांचे डोळे सुजलेले होते. रडणारे एका बाजूला आणि भांडणारे दुसऱ्या बाजूला, असं नव्हतंच. सगळं एकाच घरात, एकाच कुरणात चाललेलं. म्हणून "दुःखाने देश एक झाला" असं कोणी लिहिलेलं वाचलं की मला ती दोघं आठवतात.

आपल्याकडचं वेगळं होतं. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. कल्पना चावला घरोघरी माहीत होती, तिच्या कर्नालच्या शाळेत मुलं ती सुखरूप उतरल्याचा आनंद साजरा करायला जमली होती. सांगलीहून आईचा फोन लागला तो रात्री उशिरा. तिला आधी माझा आवाज ऐकायचा होता. मग म्हणाली, "ती पण तिकडे टेक्सासलाच शिकायला गेली होती ना गं?" हो, आर्लिंग्टनला. आईने पुढे काही विचारलं नाही. चार दिवसांनी पंतप्रधान वाजपेयींनी आपल्या हवामान उपग्रहाला कल्पनाचं नाव दिलं, ती बातमी मात्र तिने कात्रण काढून पाठवली.

त्याच आठवड्यात आम्ही भारतीय विद्यार्थी जमलो तेव्हा वाद पेटला. एकजण म्हणाला, बारा वर्षांच्या निर्बंधांत इराकमध्ये औषधांवाचून पोरं मेली, त्यांच्यासाठी इथे कोणी फुलं ठेवली का? मी त्याच्यावर भडकले, कारण नुकतीच मी ती कुरणातली बादली बघून आले होते. आज मला वाटतं, त्याचा प्रश्न खराच होता, फक्त तो चुकीच्या माणसांना विचारला जात होता. गाईंच्या पायाखाली तुकडा येऊ नये म्हणून रात्री उठणाऱ्या माणसाने निर्बंध घातले नव्हते. बगदादमधून बातम्या येत होत्या की रस्त्यावरची काही माणसं याला देवाने दिलेली शिक्षा म्हणतायत. आमच्या पश्चिमेला पॅलेस्टाइन नावाचं गाव आहे. यानात इस्रायली आणि तुकडे पॅलेस्टाइनच्या वाटेवर, यावर जगभर ईमेल फिरले. मला ते वाचून वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. ज्याच्या डोक्यावर बाँब पडायचेत त्याने असं म्हणणं मी समजू शकते. लांब सुरक्षित बसून संकेत शोधणाऱ्यांचं मात्र मला समजलं नाही, मग ते अमेरिकेतले असोत की आपल्याकडचे.

देशाच्या पातळीवर थांबण्याचं म्हणाल तर ते चार दिवस टिकलं. मंगळवारी, ४ तारखेला, ह्यूस्टनच्या जॉन्सन अवकाश केंद्रात शोकसभा झाली, बुश बोलले. बुधवारी, ५ तारखेला, परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांत उभे राहून इराककडच्या सामूहिक संहाराच्या शस्त्रांचे पुरावे म्हणून उपग्रहांची छायाचित्रं दाखवत होते. आमच्या प्रयोगशाळेत एका पडद्यावर ते, दुसऱ्यावर आमचा तुकड्यांचा नकाशा, दर तासाला त्यात नवे ठिपके. पडद्यावर बाण काढून "इथे हे आहे" असं पॉवेल किती ठामपणे सांगत होते! आमचे प्राध्यापक एवढंच म्हणाले, "वरून काढलेल्या फोटोत छप्पर दिसतं. छपराखाली काय आहे, ते जाऊनच बघावं लागतं." आणि बघायला गेलेले संयुक्त राष्ट्रांचे तपासनीस तर तेव्हा इराकमध्येच होते, अजून वेळ द्या म्हणत होते.

हे मला पुरतं उमगलं ते ऑगस्टमध्ये, चौकशी मंडळाचा अहवाल आल्यावर. उड्डाणानंतर ८२ व्या सेकंदाला बाहेरच्या इंधनटाकीवरचा पाऊण किलोचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला होता. यान वर फिरत असतानाच काही अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रं काढून घ्या अशी विनंती केली, ती मान्य झाली नाही. यान सुरक्षित आहे हे सिद्ध करायची जबाबदारी कोणावरच नव्हती. ज्यांना शंका होती, त्यांनीच ते असुरक्षित असल्याचं सिद्ध करायचं होतं. आणि पुरावा मिळवायची वाट तर बंद. इराकचंही तसंच झालं होतं. शस्त्रं आहेत हे गृहीत, आणि नसल्याचा पुरावा सद्दामने द्यायचा. ज्यांनी शंका काढली ते भित्रे ठरले. नंतर अमेरिकेच्याच शोधपथकाला तिथे त्या शस्त्रांचे साठे सापडले नाहीत. दोन्हीकडे माणसं वाईट होती असं मी म्हणत नाही. पण शंका घेणाऱ्याचं ऐकून घ्यायला हवं होतं, एवढं मी आजही कोणाशीही भांडून सांगेन.

१५ फेब्रुवारीला जगभर लाखो लोक युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरले. आमच्याकडे तोवर देशभरातून वणवे विझवणारी पथकं आली होती. पाइनच्या रानात हाताच्या अंतरावर रांगेने उभं राहायचं आणि काटेरी झुडपांतून, चिखलातून पाऊल-पाऊल पुढे सरकायचं. पूर्ण शोधात २५,००० हून जास्त माणसं लागली, ८४,००० च्या आसपास तुकडे मिळाले. हेम्फिल गावातल्या बायका शेकडो माणसांना रोज रांधून वाढत होत्या. त्यांतल्या कित्येकींची मुलं-पुतणे कुवेतच्या वाळूत होती. १९ मार्चला हेम्फिलजवळच्या उतारावर यानातली माहिती नोंदवणारी पेटी सापडली, जवळपास शाबूत. तिच्यातल्या फितीमुळे पुढे डाव्या पंखाचं बरंच स्पष्ट झालं. आमच्या प्रयोगशाळेत इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा टाळ्या वाजल्या. त्याच रात्री सव्वानऊला बुश टीव्हीवर आले आणि युद्ध सुरू झाल्याचं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात शोध घेणारं एक हेलिकॉप्टर रानात कोसळलं, दोन माणसं गेली. ती बातमी तेव्हा बगदादच्या बातम्यांखाली दबून गेली, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

माझ्या खोलीसमोर एक चर्च होतं. त्याच्या फलकावर काळी सुटी अक्षरं सरकवून मजकूर लावायचे. फेब्रुवारीभर तिथे सात नावं होती, कल्पनाचं चौथं. मार्चच्या अखेरीला एका सकाळी एक बाई शिडीवर चढून ती अक्षरं एकेक उतरवत होत्या आणि खालचा मुलगा ती पुठ्ठ्याच्या खोक्यात लावून ठेवत होता. दुपारी वर्गावरून परत आले तर फलकावर गावातल्या, इराकला गेलेल्या मुलांची नावं लागली होती. "सी" कमी पडला असावा, एका नावात त्यांनी "ओ"ला कागद चिकटवून तो केला होता.