मल्टिमीटर 6 व्होल्ट दाखवतो, मग रिले जोडल्यावर व्होल्टेज जातं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 12 व्होल्टचा अडॅप्टर, त्यावर 10 किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये, मधल्या जोडावर मीटर 6 दाखवतो. तिथे 6 व्होल्टचा रिले (कॉइलमधून करंट गेला की ओढला जाणारा स्विच) लावला की 'टिक' नाही की काही नाही, आणि मीटर जेमतेम 0.1 वर येतो. अडॅप्टर बिघडलाय का, आणि वर्गात सध्या चाललेल्या थेवेनिनच्या प्रमेयाचा (बाहेरून पाहिलं तर अख्खं सर्किट म्हणजे एक सोर्स आणि त्याच्या सिरीजमध्ये एक रेझिस्टर) याच्याशी काही संबंध आहे का?

अडॅप्टर ठणठणीत आहे. आणि संबंध आहे, अगदी थेट. मी पहिल्या वर्षाच्या लॅब घेतो. पेपरात थेवेनिनची गणितं धडाधड सोडवणारी मुलं ब्रेडबोर्डवर नेमकी इथेच अडकतात, कारण थेवेनिन म्हणजे फक्त आठ मार्कांचा प्रश्न अशी समजूत झालेली असते.

तुम्ही मोजलेले 6 व्होल्ट खरेच आहेत, पण ते लोड, म्हणजे करंट घेणारं काही, नसतानाचे. साध्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण 10 मेगाओहम असतो, तो करंट घेतो नावापुरता. म्हणजे तुम्ही मोजलंत ते ओपन सर्किट व्होल्टेज, आपलं व्ही-थेवेनिन. आता आर-थेवेनिन, म्हणजे त्या सोर्सच्या वाटेतला रेझिस्टन्स, काढा: सोर्स मारा, म्हणजे अडॅप्टरच्या जागी शॉर्ट. मधल्या जोडावरून पाहिलं तर दोन्ही रेझिस्टर आता पॅरलल दिसतात, म्हणून 5 किलोओहम. रिलेला अडॅप्टर आणि ते दोन रेझिस्टर दिसतच नाहीत. त्याला दिसतो 6 व्होल्टचा सोर्स आणि त्याच्या वाटेत बसलेला 5 किलोओहम.

आता रिलेची कॉइल ओहममध्ये मोजा. छोट्या 6 व्होल्टच्या रिलेची साधारण 100 ओहम भरते. 6 गुणिले 100 भागिले 5100, म्हणजे 0.12 व्होल्ट. हेच तुमचं 0.1.

थेवेनिन हा फ्रान्सच्या तार खात्यातला इंजिनिअर. 1883 साली त्याने हे प्रमेय मांडलं. हेल्महोल्ट्झने 1853 मध्येच हे लिहून ठेवलं होतं, पण नाव चिकटलं थेवेनिनचं. गावाकडे विहिरीवरची मोटर चालू झाली की घरातला बल्ब मंद होतो, त्यातही हाच हिशोब आहे. तिथे आर-थेवेनिनच्या जागी लाइनचा आणि ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स (एसी करंटला होणारा अडथळा), एवढाच फरक.

मग रेझिस्टर लहान घेऊ, असं तुमच्या डोक्यात येईल. घेऊन बघा, पण कागदावर. दोन्ही 10 ओहमचे घेतले तर आर-थेवेनिन 5 ओहम, रिलेला 5.7 व्होल्ट मिळतील, रिले ओढेल. पण रिले नसतानाही अडॅप्टरमधून 0.6 अँपिअर वाहत राहणार, 7.2 वॅट नुसते उष्णतेत. प्रत्येक रेझिस्टरच्या वाट्याला 3.6 वॅट. लॅबमधले पाव वॅटवाले काही क्षणांत काळे पडतील आणि तो करपट वास दिवसभर जाणार नाही.

व्हायवात विचारतात म्हणून सांगतो, लोड काढलेल्या थेवेनिन सर्किटमध्ये शून्य वॅट जळतात, खऱ्या सर्किटमध्ये मात्र जळतच असतात. हे समतुल्य सर्किट फक्त बाहेरच्या लोडपुरतं खरं. आतल्या पॉवरचा हिशोब त्यावरून करायचा नाही. आणि डिपेंडंट सोर्स, म्हणजे सर्किटमधल्याच दुसऱ्या व्होल्टेजवर किंवा करंटवर अवलंबून असलेला, कधीही मारायचा नाही, सगळ्यात जास्त मार्क तिथेच जातात.

तुमच्या कामापुरतं बोलायचं तर डिव्हायडर, म्हणजे ती दोन रेझिस्टरची जोडी, सोडूनच द्या. व्होल्टेज डिव्हायडर सिग्नलसाठी असतो, रिले चालवायला नाही. कॉइलला सिरीजमध्ये 100 ओहमचा एक रेझिस्टर लावा. 60 मिलिअँपिअर वाहतील, रेझिस्टरवर 0.36 वॅट पडतील, म्हणून एक वॅटचा घ्या. त्याहून बरं म्हणजे सरळ 12 व्होल्टचाच रिले आणा. पुढे तो ट्रान्झिस्टरवरून चालू-बंद करणार असाल तर कॉइलला उलटा डायोड लावायला विसरू नका, 1एन4007 चालेल. नाहीतर पहिल्या काही 'टिक'मध्येच ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.