परतीचं तिकीट नंतर, आधी नाव

(पत्र थोडक्यात देत आहे.)

"मावशी, कोथरूडच्या शाळेत नऊ वर्षं विज्ञान शिकवलं. ऑगस्टपासून अमेरिकेत, मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये जे-१ या शिक्षक-देवाणघेवाणीच्या व्हिसावर शिकवते आहे. उणे वीस तापमान, गुडघाभर बर्फ, डिसेंबरपासून साडेचारलाच अंधार. मुलं गोड आहेत, बरीचशी ह्मोंग, म्हणजे लाओसमधून आलेल्या जमातीच्या, आणि सोमाली घरांतली. त्यांची नावं नीट म्हणता यावीत म्हणून महिनाभर धडपडले. माझं आडनाव त्यांना जमणार नाही, म्हणून पहिल्याच दिवशी 'मिस के' म्हणा असं सांगितलं, आता स्टाफही तेच म्हणतो. रात्री आठला आईला फोन लावते आणि ठेवताना रडू फुटतं. करार अर्धवट सोडून पुण्याला परत येऊ का?"

बाळ,

तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे आणि त्यातली तीन पानं बर्फाची. रस्त्यावर टाकलेलं मीठ, गोठलेल्या पापण्या, वारा फार झोंबला की मधल्या सुट्टीतही मुलांना वर्गातच बसवणं, सगळं वाचलं. थंडी खरी आहे. ऊन दिसेनासं झालं की मन खचतं, हेही खरं. पण मी अडकले ती 'मिस के'पाशी. तू ते एका ओळीत उरकून पुढे गेलीस.

सकाळपासून रात्री आठपर्यंत तुझं नाव कोण घेतं, सांग बरं? कोणीही नाही. ते पहिल्यांदा तुझ्या कानावर पडतं तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसात झालेले असतात आणि ते आईच्या तोंडून येतं. मग फोन ठेवताना रडू फुटणार नाही तर काय होईल?

तू म्हणशील, कोथरूडला तरी मला नावानं कोण हाक मारायचं, तिथेही मी 'बाई'च होते. होतीस. पण त्या 'बाई'च्या आधी तुझं आडनाव असायचं, अख्खं, ळसकट. शिक्षकखोलीत डबे उघडले की तुला नावानं बोलावणं यायचं. कोपऱ्यावरच्या भाजीवालीलाही तू कुणाची कोण ते ठाऊक होतं.

माझ्या आईचं नाव लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि त्या दिवसापासून सासरच्या घरात जुनं नाव कुणी उच्चारलं नाही. भाऊबीजेला मामा यायचा आणि उंबऱ्यातूनच तिला माहेरच्या नावानं हाक मारायचा. आई हातातलं काम टाकून धावत यायची, तिची चालच बदलायची. लहानपणी मला वाटायचं, भाऊ आला म्हणून ही खूश झाली. ती त्या हाकेला ओ द्यायला धावायची, हे फार उशिरा उमगलं.

तिला कुणी विचारलं नव्हतं. तुझ्यापुढे तर कोणी तांदळाचं ताट धरलं नव्हतं. तू आपणहून, पहिल्या तासाला, मुलांना त्रास नको म्हणून आपलं नाव पुसून टाकलंस. मला याचा राग आला आहे आणि तो मी लपवत नाही.

राग यायचं कारणही तुझ्याच पत्रात आहे. ह्मोंग शब्द रोमन अक्षरांत लिहिला की शेवटचं अक्षर बहुतेकदा उच्चारायचं नसतं, ते सूर दाखवतं, हे तू एका मुलीच्या आजीकडून शिकलीस. सोमालीतला एक्स म्हणजे घशातून काढलेला ह, हे तू वहीत टिपून ठेवलंस. १९७५ नंतर लाओसमधून जीव घेऊन निघालेली, थायलंडच्या छावण्यांत राहिलेली माणसं, आणि सोमालियातल्या यादवीतून बाहेर पडलेली माणसं, त्यांची ही लेकरं-नातवंडं. त्यांची नावं तू जपलीस, याचं मला फार कौतुक वाटतं. आणि त्याच मुलांना तू दाखवून दिलंस की परक्या गावात आपलं नाव अवघड वाटलं, तर ते गुंडाळून ठेवायचं.

कुणी तुला सांगेल, मराठी मंडळात जा, संक्रांतीला तिळगूळ वाट. जरूर जा. पण तुझं दुखणं सोमवार ते शुक्रवारचं आहे.

तेव्हा येत्या सोमवारी पहिला तास नावाचा घे. फळ्यावर आडनाव देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिही. ळ शिकव. जीभ मागे वळवून टाळूला टेकवायची आणि झटक्यानं पुढे सोडायची, सगळ्यांनी तोंडात बोट न घालता आरशात बघून करायचं. चुकलं तर "चालेल, चालेल" म्हणून सोडून देऊ नकोस. त्या आजीनं तुला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं ना, तसंच लाव. वर्गाच्या दारावरची पाटी बदल, ईमेलखालचं नाव बदल. स्टाफरूममध्ये आपलं पाळण्यातलं नाव सांग आणि कोणी 'मिस के' म्हटलं तर तिथल्या तिथे दुरुस्त कर. भीड वाटेल. वाटू दे.

परत यायचं की नाही, हे मला जूनमध्ये विचार, शाळेचं वर्ष संपल्यावर. तेव्हा तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, नीट विचार करता येईल. आज त्यावर मी एक अक्षर बोलणार नाही.

आणि सोमवारी रात्री आईला फोन लावशील, तेव्हा ळ पहिल्यांदा कुणाला जमला ते तिला सांग.

तुझी मावशी