वाचकांचे प्रश्न : कोयना उशाशी, मग वहन आकार कशाचा?

गेल्या अंकात आम्ही वीजबिलातली एकेक ओळ वाचायला सांगितली होती, त्यावर आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त लोकांनी एकाच ओळीवर बोट ठेवलंय, वहन आकार. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देतोय.

प्रश्न : सर, मी पाटण तालुक्यातली. आमच्या बिलात दर महिन्याला 'वहन आकार' येतो. सासूबाई कित्येक वर्षं तो 'वाहन आकार' असा वाचायच्या आणि म्हणायच्या, आपल्या दारात साधी सायकल नाही मग हे पैसे कसले. ते वहन आहे हे आता कळलं, पण कोयना धरण आमच्याच तालुक्यात आहे ना, मग वीज आमच्यापर्यंत आणायचे वेगळे पैसे का?

ताई, सासूबाईंना सांगा की त्या फार चुकत नव्हत्या. हे भाडंच आहे, फक्त गाडीचं नाही, तारेचं. तुम्ही वापरलेलं युनिट ज्या पोलवरून, ज्या डीपीतून आणि शेवटी ज्या सर्व्हिस वायरने घरात आलं त्या सगळ्या जाळ्याचा खर्च म्हणजे वहन आकार. वीज विकत घेण्याचे पैसे वेगळे, ते 'वीज आकार' या ओळीत येतात.

आता कोयनेचं. धरण तुमच्याकडे आहे पण वीज तयार होते घाटाखाली पोफळीच्या बाजूला, आणि तिथून ती खूप वरच्या दाबाच्या लाइनवर चढून थेट राज्याच्या जाळ्यात जाते. एकदा त्या जाळ्यात गेली की कोयनेची कुठली, चंद्रपूरची कुठली हे कुणालाच सांगता येत नाही. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत तर साडेसातशे किलोमीटर लांबीची ५०० किलोव्होल्टची लाइन आहे, तीही याच जाळ्याचा भाग. तुमच्या गावाला जी मिळते ती या एकत्र साठ्यातली, आधी २२० किंवा १३२ किलोव्होल्ट, मग ३३, मग ११ आणि डीपीवर उतरून घरात २३० व्होल्ट. म्हणून वहन आकार अंतरावर लावतच नाहीत. पोस्टाचं तिकीट कसं, पत्र शेजारच्या गावात टाका नाहीतर गडचिरोलीला पाठवा, तिकीट तेच, तसंच हे. एका कंपनीच्या पूर्ण क्षेत्रात घरगुती ग्राहकाला एकच दर, आणि तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग सुनावणी घेऊन ठरवतो, कंपनी मनाने लावू शकत नाही.

अजून एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते. मोठ्या टॉवरवरच्या लाइनचा खर्च वहन आकारात नसतो. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे भाग झाले तेव्हा निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. पारेषणाचा, म्हणजे त्या मोठ्या लाइनचा, खर्च वितरण कंपनी भरते आणि तुमच्याकडून वीज आकार आणि स्थिर आकार (वापर कितीही असो, दर महिन्याला लागणारा) यातूनच वसूल करते. वहन आकार फक्त वितरणाच्या जाळ्याचा, म्हणजे तुमच्या डोळ्यांना रोज दिसणारे पोल आणि डीपी. म्हणूनच अतिउच्च दाबावर थेट जोडलेल्या कारखान्याला तो लागत नाही, गावातलं जाळं तो वापरतच नाही ना, आणि आपल्या लघुदाबाच्या घरांना सगळ्यात जास्त लागतो कारण आपल्यापर्यंत यायला सगळ्यात जास्त तार, सगळ्यात जास्त खांब आणि सगळ्यात जास्त माणसं लागतात.

आता हिशोब करू. दर महावितरणचे २०२४-२५ चे घेतोय, त्यानंतर दर बदललेत तेव्हा तुमच्या बिलावर छापलेला आकडा धरा, पद्धत तीच. समजा महिन्याला १४० युनिट. पहिले १०० युनिट ४.७१ रुपयांनी, ४७१ रुपये. पुढचे ४० युनिट १०.२९ ने, ४११.६० रुपये. वीज आकार झाला ८८२.६०. वहन आकार सगळ्या १४० युनिटवर सरसकट १.१७ ने, १६३.८० रुपये. आणि इथे थांबू नका, कारण घरगुती बिलात १६ टक्के वीज शुल्क लागतं आणि ते वहन आकारावरसुद्धा लागतं. १६३.८० वर ते होतं २६.२१. म्हणजे तारेचं खरं भाडं पडलं १९० रुपये. स्थिर आकार आणि इंधन समायोजन आकार (इंधनाच्या भावातल्या फरकाचा) याच्याही वर, तो हिशोब यात घेतलेला नाही.

यात मला मनापासून खटकते ती गोष्ट सांगतो. वीज आकाराला टप्पे आहेत, कमी वापरणाऱ्याला स्वस्त आणि जास्त वापरणाऱ्याला महाग. वहन आकाराला टप्पाच नाही. दोन बल्ब, एक पंखा आणि टीव्ही असलेल्या घराला युनिट पडतं ४.७१ अधिक १.१७ म्हणजे ५.८८ ला, त्यात पाचवा हिस्सा तारेचा. ५०० युनिटच्या वर ज्याचे तीन एसी चालतात त्याला वीज १६.६४ आणि तार तीच १.१७, म्हणजे शंभरात सात रुपयेही नाहीत. आता कुणी म्हणेल की गरिबाला वीजच स्वस्त दिली ना, बरोबर आहे, एकूण दर त्याला कमीच पडतो. पण दर बदलायची सुनावणी असते तेव्हा सगळी चर्चा वीज आकारावर होते, या ओळीबद्दल सामान्य ग्राहक बोलायला उभाच राहत नाही. राहायला हवं. सूचना-हरकती लेखी देता येतात आणि त्या मराठीत दिल्या तरी चालतात.

आणि फक्त ही ओळ बघूनही फसू नका. मार्च २०२३ पर्यंत वहन आकार १.३५ होता, एप्रिल २०२३ पासून १.१७ झाला, म्हणजे कमी झाला. पण त्याच वेळी पहिल्या टप्प्याचा वीज आकार ३.३६ वरून ४.४१ वर गेला. दोन्हीची बेरीज ४.७१ ची ५.५८ झाली. बेरीज करूनच बघायचं, कायम.

प्रश्न : मुलाकडे पुण्याला तीन महिने होतो, घराला कुलूप, मेन स्विच बंद. तरी बिल आलंच. वापर शून्य तर वहन आकार कसा लावतात? (कल्याण)

काका, वापर खरंच शून्य असेल तर वहन आकारही शून्य असतो, तो युनिटवरच लागतो. तुम्हाला आलाय तो स्थिर आकार, तो कनेक्शन जिवंत ठेवण्याचा असतो आणि त्याला वापराशी देणंघेणं नाही. पण बिल नीट बघा. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी मीटरपर्यंत पोचता आलं नाही अशा अर्थाचा शेरा असेल तर तुम्हाला सरासरीने युनिट लावलेत आणि त्यावर वहन आकार, शुल्क सगळं चढलंय. मीटरचा फोटो काढा ज्यात मीटर नंबर आणि आकडा दोन्ही स्पष्ट दिसतील, आणि रीडिंग स्वतः अ‍ॅपवर टाका किंवा ऑफिसात लेखी द्या. पुढच्या बिलात ते वळतं होतं. परत कधी जास्त दिवस जाणार असाल तर निघतानाच एक फोटो काढून ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे चार महिने रीडिंग घ्यायला कुणी आलंच नाही, मग एकदम मोठं बिल आलं. ऑफिसात म्हणाले, युनिट तुमचेच आहेत, भरा. युनिट माझेच आहेत हे मान्य, पण मग रक्कम एवढी कशी?

पत्रातला हा प्रश्न वाचून वाईट वाटलं, कारण उत्तर काउंटरवरच द्यायला हवं होतं. युनिट तुमचे असले तरी टप्पा महिन्याचा असतो. चार महिन्यांचे युनिट एका महिन्यात वापरल्यासारखे मोजले की तुम्ही उगाच महागड्या टप्प्यात ढकलले जाता.

उदाहरण बघा, तीन महिन्यांचे मिळून २७० युनिट, म्हणजे महिन्याला ९०. बरोबर पद्धतीने सगळे पहिल्या टप्प्यात, २७० गुणिले ४.७१, झाले १२७१.७० रुपये. तेच एका महिन्याचे धरले तर पहिले १०० चे ४७१ आणि उरलेल्या १७० चे १०.२९ ने १७४९.३०, एकूण २२२०.३०. फरक ९४८.६० रुपयांचा, त्यावर १६ टक्के शुल्क धरून अकराशे रुपये. वहन आकार मात्र दोन्हीकडे सारखाच, ३१५.९०, कारण त्याला टप्पा नाही. म्हणजे बिल तपासायचं असेल तर ही ओळ खूप उपयोगाची आहे. वहन आकाराच्या रकमेला दराने भागा, एकूण किती युनिट धरलेत ते लगेच कळतं. मग ते मीटरवरच्या आकड्यांच्या फरकाशी जुळतंय का आणि वीज आकारात टप्पे किती महिन्यांचे दिलेत, एवढंच बघायचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रीडिंग बंद होतं आणि जूनमध्ये एकदम बिलं आली तेव्हा घराघरात लोकांनी हाच हिशोब कागदावर मांडला होता.

तुम्ही अर्ज लेखीच द्या, त्यावर 'टप्प्यांचा लाभ महिन्यांनुसार मिळावा' हे शब्द लिहा आणि पोच घ्या. तिथे नाही झालं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल, त्यांची ऑफिसं मुंबईत आणि नागपुरात आहेत. वकील लागत नाही. मंचाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते पण तेवढं थांबू नका, आणि वाद चालू आहे म्हणून पूर्ण बिल थांबवूही नका, वीज तोडायला कायद्याने पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागत असली तरी ती एकदा आली की धावपळ आपलीच होते.

प्रश्न : अंधेरीला राहतो. शेजारी एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेले पण मीटरची तार बदललेलीच नाही. हे कसं काय?

होतं असं, आणि कायदेशीर आहे. मुंबई उपनगराच्या बहुतेक भागात दोन कंपन्यांना परवाना आहे, अदानी आणि टाटा. टाटा पॉवरला मुंबईत घरोघरी वीज विकता येईल हे २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं आणि २००९ पासून आयोगाच्या आदेशाने लोक तार न बदलताही कंपनी बदलू लागले. त्याला चेंजओव्हर म्हणतात. वीज टाटाची, तार तेव्हा रिलायन्सची, २०१८ पासून अदानीची. अशा ग्राहकाला वीज आकार नव्या कंपनीच्या दराने आणि वहन आकार तार ज्याची त्याच्या दराने. म्हणजे दुकान बदललं, रस्ता तोच. तेव्हा कुणी नुसता वीज आकार दाखवून स्वस्त आहे म्हणालं तर ऐकू नका, वीज आकार, वहन आकार आणि स्थिर आकार तिन्ही तुमच्या युनिटवर मांडून बघा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला आहोत. इथे बिलात सप्लाय आणि डिलिव्हरी असे दोन मोठे भाग असतात. दारावर एक माणूस येऊन गेला, म्हणाला आमच्याकडे या, बिल कमी होईल. जावं का?

तुमची डिलिव्हरी म्हणजे आमच्या पाटणच्या ताईंचा वहन आकारच समजा, फक्त त्यात महिन्याचा ठरलेला आकार आणि इतर काही छोटे आकारही असतात. ती तुमच्या भागातल्या तारवाल्या कंपनीकडेच राहते, एडिसनला बहुतेक पीएसई अँड जी, आणि तिचे दर राज्याचं बोर्ड ऑफ पब्लिक युटिलिटीज मंजूर करतं. दारावर आलेला माणूस बदलू शकतो तो फक्त सप्लायचा भाग. डिलिव्हरी एका पैशानेही कमी होणार नाही.

बिलावर 'प्राइस टू कम्पेअर' असा आकडा असतो, म्हणजे तारवाल्या कंपनीचा स्वतःचा सप्लायचा दर, त्याच्याशी त्याचा दर ताडून बघा आणि तो किती महिने पक्का आहे ते लेखी घ्या, सुरुवातीचा दर कमी आणि नंतर महिन्याला बदलणारा असेल तर सरळ नाही म्हणा. आणि बिल मुळात वाढलं कशामुळे तेही बघा. जून २०२५ पासून तुमच्याकडे जी वाढ झाली ती मुख्यतः सप्लायच्या बाजूची. तुमच्या भागाचं ग्रीड चालवणाऱ्या पीजेएमच्या जुलै २०२४ च्या लिलावात क्षमतेचा भाव (लागेल तेव्हा वीज देता यावी म्हणून वीज केंद्रं तयार ठेवण्याचा) मेगावॅटला दिवसाला सुमारे २९ डॉलरवरून जवळजवळ २७० डॉलरवर गेला होता, ते बिलात यायला पुढचा जून उजाडला. त्याच्या आधीचं आणि नंतरचं अशी दोन बिलं शेजारी ठेवलीत तर डिलिव्हरीची आणि सप्लायची वाढ वेगवेगळी दिसेल, आणि दाराशी आलेल्या माणसाला काय विचारायचं तेही कळेल.

प्रश्न : सोलर बसवलं, वीज मी बनवतो, तरी वहन आकार?

नेट मीटरिंग असेल तर घेतलेल्यातून दिलेले युनिट वजा होतात आणि उरलेल्यावरच वहन आकार लागतो. ३०० घेतले, २८० दिले, तर २० युनिटवर, १.१७ ने २३.४० रुपये. स्थिर आकार मात्र पूर्ण. तो मला योग्यच वाटतो, कारण दुपारी तुमची जास्तीची वीज जाते त्याच तारेवरून आणि रात्री फ्रिज चालतो तोही तिच्यावरच, आणि पावसात त्या पोलवर चढणारा लाइनमन तुमच्यासाठीही चढत असतो.

ज्यांना बिलाचे फोटो पाठवायचेत त्यांनी दोन्ही बाजूंचे पाठवा आणि ग्राहक क्रमांक, नाव, पत्ता, मोबाइल झाकून पाठवा. पुढच्या वेळी इंधन समायोजन आकाराचे प्रश्न घेऊ, ते आत्ताच सतराएक जमलेत.