टर्कीसाठी कॉल निवडताना आणि वाजवताना

तुमचे तीन प्रश्न आहेत: पेनसिल्व्हेनियातल्या टर्कीच्या शिकारीच्या पहिल्याच वसंत हंगामासाठी कोणता कॉल (टर्कीचा आवाज काढणारे साधन) घ्यावा, तोंडात धरायचा कॉल ठेवताच उमासे येतात त्यावर उपाय काय, आणि हाकेला उत्तर देणारा नर जवळ का येत नाही. तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिसरा प्रश्न उलगडला की पहिल्याचे अर्धे उत्तर आपोआप मिळते.

वसंतात नर टर्की गॉबल करतो, म्हणजे गडगडल्यासारखी मोठी हाक देतो, तो मादीला स्वतःकडे बोलावण्यासाठी. तो आवाज देतो, पिसारा फुलवून उभा राहतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते, असा त्यांचा नैसर्गिक रिवाज आहे. मादीचा आवाज काढून नराला आपल्याकडे यायला लावणारा शिकारी हा रिवाजच फिरवू पाहत असतो. म्हणून ६०-७० यार्डांवर येऊन थबकलेल्या नराला तुमचा आवाज खोटा वाटला, असे लगेच समजू नका. बहुतेकदा त्याला तो खरा वाटलेला असतो आणि आता उरलेले अंतर मादीने तोडावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. अशा वेळी दर मिनिटाला साद घातली तर मादी उतावीळ आहे, ती येणारच, अशी त्याची खात्री पटते आणि तो जागचा हलत नाही. त्याने एकदा उत्तर देऊन अंतर कमी केले की कॉल खाली ठेवावा. फार तर हाताजवळची वाळलेली पाने बोटांनी खरवडावीत, म्हणजे मादी चरत असल्याचा भास होतो. मग २०-२५ मिनिटे काहीही करू नये. मादी आपल्यात रस घेईनाशी झाली असे वाटल्यावर पुष्कळ नर गॉबल न करता, चुपचाप पुढे येतात, आणि नेमके त्याच वेळी कंटाळलेला नवशिका उठून उभा राहतो.

टर्कीच्या आवाजांची यादी लांबलचक आहे, पण पहिल्या हंगामाला येल्प आणि क्लक हे दोनच आवाज पुरतात, असे माझे ठाम मत आहे. येल्पच्या प्रत्येक हाकेत दोन भाग असतात: आधी बारीक, स्वच्छ सूर आणि त्याला जोडूनच खाली उतरणारा खरखरीत सूर. अशा ४ ते ७ हाका एका संथ लयीत ओळीने येतात. क्लक हा एकेरी, तुटक आवाज असून दोन क्लकमध्ये थोडा विसावा असतो. हाच आवाज कर्कश आणि घाईने निघाला तर तो पट होतो, म्हणजे टर्कीचा धोक्याचा इशारा, आणि तो ऐकून नर मागे वळतो. चरताना मादी काढते तो घरघरता पर्र पुढे सावकाश शिकता येईल. उत्तेजित मादीचे जलद, तुटक कटिंग मात्र पहिल्या वर्षी दूरच ठेवा. की-की ही शिटीसारखी हाक मुख्यतः शरद ऋतूतल्या, कळपापासून चुकलेल्या पिल्लांची असल्याने वसंतात तिचे फारसे काम पडत नाही.

नवशिके सुरासाठी जीव टाकतात, पण खरे महत्त्व लयीला आहे. भजनात सूर थोडा हलला तरी निभावते, ठेका चुकला की सगळे थांबतात. इथेही तसेच आहे. रानातल्या काही माद्यांचा आवाज इतका बेसूर असतो की झाडामागे कोणी नवशिका बसला आहे, अशीच शंका यावी, तरीही नर त्यांच्याकडे जातात. त्यामुळे कॉल विकत घेताना तो किती गोड वाजतो यापेक्षा त्यावर तुमचा हात लयीत चालतो का, हे आधी पाहा.

या कसोटीवर पहिला कॉल म्हणून मी पॉट कॉल सुचवेन: तळहातावर मावणारी गोल डबी, वर स्लेट, काच किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि सोबत लाकडी काडी. स्लेट म्हणजे आपण शाळेत वापरलेल्या पाटीचाच दगड. त्याचा आवाज मऊ असतो आणि वारा नसलेल्या सकाळी, नर जवळ असताना तोच सर्वांत उपयोगी पडतो. काच आणि ॲल्युमिनियम अधिक तीक्ष्ण वाजतात, लांब पोहोचतात आणि वाऱ्यातही ऐकू जातात. डबी बोटांच्या टोकांवर तोलून धरा, कारण तळहात खाली चिकटला की आवाज दबतो. काडी पेन्सिलीसारखी पण किंचित तिरकी धरून, पृष्ठभागावरून न उचलता, कडेजवळ छोटी लंबवर्तुळे काढली की येल्प निघतो. काडी मध्याकडे सरकवाल तसा सूर खाली उतरतो. पृष्ठभागाला बोट लावू नका, कारण कातडीचा तेलकटपणा बसला की काडी घसरते आणि आवाज मरतो. स्लेट बारीक घासणीने आणि काच खरखरीत पॉलिश कागदाने एकाच दिशेने घासावी आणि काडी त्या रेघांना आडवी चालवावी. लाकडी काडी ओली झाली की मुकी होते, म्हणून पावसाळी सकाळसाठी काचेचा कॉल आणि ॲक्रिलिक किंवा कार्बनची काडी जवळ असू द्या.

बॉक्स कॉल वाजवायला याहूनही सोपा आहे. आर्कान्सामधल्या डार्डानेल गावच्या हेन्री गिब्सन यांनी १८९७ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि तेव्हापासून त्याची मूळ रचना फारशी बदललेली नाही: पातळ भिंतींची लाकडी पेटी आणि तिच्या काठावर घासणारे झाकण. झाकणाला मेण किंवा तेल नसलेला खडू लावावा, झाकण काठावरून उचलू नये आणि पेटीच्या काठाला पॉलिश कागद कधीही लावू नये. आवाज लांब जातो, म्हणून डोंगराच्या धारेवर उभे राहून पलीकडच्या घळीतला नर शोधायला हा उत्तम. दोष दोन आहेत. ओलावा त्याला सोसत नाही, आणि तो वाजवायला दोन्ही हात लागतात. पॉट कॉललाही दोन हात लागतातच, आणि टर्कीची नजर इतकी तीक्ष्ण आहे की ४० यार्डांवरची बोटांची हालचाल तिच्यातून सुटत नाही.

तोंडातल्या डायफ्रॅम कॉलचे महत्त्व इथेच आहे: बंदूक खांद्याला असतानाही तो वाजवता येतो. उमाशांवर उपाय म्हणजे कॉल फार मागे न नेणे. घोड्याच्या नालीसारखी चौकट टाळूला लावून रबराची मोकळी कड पुढच्या दातांकडे ठेवा, भोवतीची टेप मागे टोचत असेल तर कात्रीने थोडी थोडी कमी करा, किंवा सरळ लहान चौकटीचा कॉल घ्या. पहिले काही दिवस आवाज न काढता नुसता तोंडात धरून घरकाम करा, जिभेला सवय होते. नंतर फुंकर न मारता छातीतून हवा सोडा आणि जबडा खाली नेत येल्पचा दुसरा भाग काढा. एक किंवा दोन रबरी पडद्यांचा कॉल नवशिक्याला पुरे. वापरून झाल्यावर पडद्यांमध्ये टूथपिक सरकवून तो थंड, अंधाऱ्या जागी ठेवा, कारण उन्हाने लेटेक्स कडक होते. एवढे करूनही एप्रिल अखेरपर्यंत तो साधला नाही तर यंदा पॉट कॉलवरच जा आणि डायफ्रॅमचा सराव उन्हाळ्यात गाडी चालवताना करा. शेजारच्या सीटवर कोणी नसेल तेव्हा केलेला बरा.

आदल्या संध्याकाळी नर कोणत्या झाडावर बसले आहेत हे घुबडाची किंवा कावळ्याची हाक देऊन कळते, कारण अशा अचानक आवाजांना ते प्रतिक्षिप्तपणे गॉबल करतात. पहाटे त्या झाडापासून १००-१५० यार्डांवर, खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकून बसा. तो झाडावर असताना दोन-तीन अगदी हलके येल्प पुरेत; जास्त ऐकवले तर तो फांदीवरूनच मादीची वाट पाहत बसतो. खाली उतरल्यावर खऱ्या माद्या त्याला घेऊन गेल्या तरी घरी जाऊ नका. उशिरा सकाळी माद्या अंडी घालायला निघून जातात, नर एकटा पडतो आणि पहाटे दुर्लक्षिलेल्या हाकेला तेव्हा उत्तर देतो. हंगामाच्या पहिल्या टप्प्यात तुमच्याकडे शिकार दुपारी १२ पर्यंतच करता येते, एवढे ध्यानात असू द्या.

पेनसिल्व्हेनियात वसंतातली टर्कीची शिकार केवळ हाक देऊन करायची असते, आवाजाच्या मागावर चालत जाणे बेकायदा आहे, इलेक्ट्रॉनिक कॉल चालत नाहीत आणि मारायचा पक्षी दाढीवाला, म्हणजे छातीवर केसांसारख्या पिसांचा झुपका असलेला, असावा लागतो. चालू वर्षीची नियमपुस्तिका तरीही वाचाच. सार्वजनिक जंगलात गॉबलचा आवाज काढणारा कॉल वापरू नका, कारण तो ऐकून येणारा नर नसून बंदूकधारी माणूस असू शकतो. नराच्या डोक्यावर लाल, पांढरा आणि निळा असे तीनही रंग असतात, म्हणून यांपैकी कोणताही रंग अंगावर, अगदी मोज्यांवरही, नसावा. दुसरा शिकारी तुमच्या दिशेने येताना दिसला तर हात हलवू नका, कॉल वाजवू नका. बसल्या जागेवरून माणसाच्या मोठ्या, स्पष्ट आवाजात त्याला थांबायला सांगा.