निवडणुकीच्या वर्षात न्यायाधीश कोण नेमणार?

प्रश्न : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातली जागा निवडणूक तोंडावर असताना रिकामी झाली, तर ती भरायची की थांबायचं? नियम काय सांगतो?

उत्तर : नियम काहीच सांगत नाही आणि खरी मेख तिथेच आहे. राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट (संसदेचं वरिष्ठ सभागृह) संमती देते. मुदत कुठेही नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६५व्या वर्षी निवृत्त होतात, त्यामुळे जागा कधी रिकामी होणार हे बहुधा आधीच ठाऊक असतं. तिथे नेमणूक तहहयात.

नाव आलं की ते सिनेटच्या न्यायविषयक समितीकडे जातं. पार्श्वभूमीची चौकशी, जाहीर सुनावणी, समितीचं मतदान आणि मग संपूर्ण सिनेटचं. नाव अडवायचं तर ते पाडावंही लागत नाही. सुनावणीच ठेवायची नाही, बस्स. फेब्रुवारी २०१६मध्ये न्या. स्कालिया वारले. डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष ओबामांनी १६ मार्चला मेरिक गारलँड यांचं नाव दिलं. सिनेटमधले बहुमताचे नेते मॅककॉनेल यांच्या रिपब्लिकन पक्षाने ‘जनतेला ठरवू द्या’ म्हणत ते जानेवारी २०१७पर्यंत लोंबकळत ठेवलं. नव्या सिनेटबरोबर ते आपोआप रद्द झालं.

एप्रिल २०१७मध्ये याच पक्षाने अशा नेमणुकांवरची सिनेटमधली चर्चा थांबवून मतदान घेण्यासाठी लागणारी ६० मतांची अटही काढून टाकली. त्यामुळे १८ सप्टेंबर २०२० रोजी न्या. गिन्सबर्ग गेल्यावर साधं बहुमत पुरलं. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सुचवलेल्या एमी कोनी बॅरेट २६ ऑक्टोबरला ५२-४८ने मंजूर झाल्या, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या फक्त आठ दिवस आधी. ‘या वेळी राष्ट्राध्यक्ष आणि सिनेट एकाच पक्षाचे आहेत’ हा रिपब्लिकनांचा युक्तिवाद होता. आमच्या मते ही सोयीची पळवाट होती. २०१६मध्ये भर मुख्यतः ‘जनतेला ठरवू द्या’ यावर होता.