पॉलिनॉमिअल बेसिस: पाया की आधार?

प्रश्न असा आला आहे: संगणकीय आरेखनावर मराठीत टिपणे काढताना ‘पॉलिनॉमिअल बेसिस’ला ‘बहुपदी पाया’ म्हणावे का? आणि ‘बी-स्प्लाइन’ या वक्रातला (बहुपदींचे तुकडे सलग जोडून केलेला वक्र) ‘बी’ बेझिएचा, म्हणजे ज्यांच्या नावाचा वक्र आरेखनात वापरतात त्यांचा, का?

‘पाया’ नको. शाळेपासून आपण घाताच्या संदर्भात ‘पाया आणि घातांक’ म्हणत आलो आहोत. बहुपदीत तर जागोजागी घात असतात, तेव्हा एकाच ओळीत दोन पाये येऊन वाचक अडखळेल. पण मला खटकते ते दुसरेच. पाया बदलला की वरचे घर राहत नाही. बेसिस बदलला तरी वक्र तसूभरही हलत नाही, फक्त तो लिहिण्याचे आकडे बदलतात. म्हणून मी ‘आधारसंच’ म्हणेन आणि त्यातल्या एकेकीला ‘आधार-बहुपदी’. ‘संच’ जोडल्यामुळे हेही कळते की ही एक वस्तू नाही. योग्य पटींत बेरीज केली की त्या-त्या घातापर्यंतची कोणतीही बहुपदी एकाच प्रकारे मिळेल, असा तो नेमका समूह आहे.

उदाहरण घेऊ. प्राचल प (वक्रावर आपण कुठे आहोत हे सांगणारी संख्या), ० ते १ मधला. तिसऱ्या घातापर्यंतचा ओळखीचा आधारसंच १, प, प², प³. गणितज्ञ बर्नस्टाइन यांचा आधारसंच (१−प)³, ३प(१−प)², ३प²(१−प), प³. ‘प’ ही साधी बहुपदी पहिल्यात ०, १, ०, ० अशी लिहिली जाते, दुसऱ्यात ०, १/३, २/३, १ अशी. बहुपदी तीच.

मग दुसरा घ्यायचा कशाला? पहिल्यातले सहगुणक पाहून वक्राचा आकार डोळ्यांसमोर येत नाही. बर्नस्टाइनच्या चारही बहुपदी ० ते १ मध्ये कधी ऋण होत नाहीत आणि त्यांची बेरीज कायम १ असते. सहगुणकांच्या जागी चार बिंदू घेतले, की त्यांना नियंत्रण बिंदू म्हणतात. त्यामुळे वक्रावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे या चार नियंत्रण बिंदूंची भारित सरासरी. प = १/२ असताना भार १/८, ३/८, ३/८, १/८. चारही बिंदूंना सामावून घेणाऱ्या सर्वांत लहान बहिर्वक्र बहुभुजाबाहेर वक्र जाऊच शकत नाही. एक बिंदू ओढला की वक्र त्या दिशेला झुकतो. आकार हाताने घडवणाऱ्याला हेच तर हवे असते! गंमत म्हणजे बर्नस्टाइन यांनी १९१२मध्ये या बहुपदी मांडल्या त्या वायरश्ट्रासच्या प्रमेयाच्या (बंद अंतरावरचे कोणतेही सलग फलन बहुपदींनी हवे तितके जवळून गाठता येते) सिद्धतेसाठी. मोटारींच्या पत्र्यांचे वक्र त्यांतून निघाले ते सित्रोएनमधले द कास्तेल्जो (१९५९) आणि १९६०च्या दशकात रेनोमधले बेझिए यांच्या कामातून. कास्तेल्जो यांचे काम कंपनीने बराच काळ बाहेर येऊ दिले नाही, म्हणून वक्राला नाव बेझिएंचे पडले. (लिहिताना ‘बेझियर’ नको. शेवटचा र फ्रेंचमध्ये उच्चारत नाहीत, आणि झ झाडातला, झेंड्यातला नव्हे.)

‘बी-स्प्लाइन’मधला ‘बी’ मात्र बेझिएंचा नाही, बर्नस्टाइनचाही नाही. तो ‘बेसिस’चाच, हे नाव गणितज्ञ शोनबर्ग यांनी दिले. बेझिए वक्र हा बी-स्प्लाइनचाच एक खास प्रकार असल्याने घोटाळा होणे साहजिक आहे. मराठीत ‘आधार-स्प्लाइन’ म्हणायला हरकत नाही, पण ‘बी-स्प्लाइन’ रुळले आहे. ते तसेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखाशी ‘बी’चा अर्थ द्यावा.